अक्काच्या नळीत माझं रक्त

अक्काच्या नावाच्या नळीत माझं रक्त होतं.

आज वर्ष झालं ती जाऊन. घरी हे कोणालाच माहीत नाही. दाजी, तुम्ही पण इथेच वाचा.

धुळ्याच्या एका लॅबमध्ये मी दोन महिने रक्त काढायचो. कंटाळलो, मग नरडाण्याला कंपनीत लागलो, मग सुरत. सुरतची गोष्ट वेगळीच आहे, जाऊ द्या.

पण सुई धरता येते म्हणून दाजींनी मला पिंप्राळ्याला, अक्काच्या घरी बोलावलं.

अक्काच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा आधीच मोठ्या लॅबला गेला होता. आता अक्काचं साधं रक्त पाहिजे होतं. कंप्युटर दोन्ही ताडून बघतो. जे फक्त गाठीत सापडतं, ती गाठीची खूण. त्यातल्या कोणत्या खुणांवर तिचं शरीर तुटून पडेल याचा अंदाज काढायचा, आणि तिच्या एकटीसाठी लस बनवायची.

अक्का ब्लाउज शिवायची. लगेच म्हणाली, "मंग मापनं शे. रेडिमेड नही."

केमोने तिच्या शिरा पार आटल्या होत्या. मी तीनदा टोचलं. जन्मभर सुई धरणारी बाई उशीत तोंड खुपसून रडली.

"बस कर ना भो."

दाजी बाहेर गेले होते. मी माझाच दंड बांधला. सख्खा भाऊ, ग्रुप पण एकच. कोणाला कळणार?

कंप्युटरला कळलं.

पंधरा दिवसांनी फोन. "हे रक्त आणि ही गाठ एका पेशंटची नाही. परत पाठवा."

नळी बदलली म्हणून दाजी कुरिअरवाल्याच्या कानाखाली वाजवून आले. मी चहा पीत बसलो होतो.

दाजी आत गेल्यावर अक्का हसली. हसलं की तिला दुखायचं.

"ब्लाउज मनं, अन् माप तुनं? बठ्ठी जिंदगीत एक काम धड करशील तर शप्पथ!"

मग हळूच, "तुझ्या दाजींना सांगू नको. मारतील तुला."

दुसऱ्या वेळी शीर पहिल्याच टोचण्यात सापडली.

खुणांची यादी बरोबर आली. लस बनेपर्यंत अक्का राहिली नाही.

डॉक्टरांना विचारलं, पंधरा दिवस आधी झालं असतं तर?

"सांगता येत नाही."

सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ती यादी माझ्या मोबाईलमध्ये आहे. दुसऱ्या कोणाच्याच कामाची नाही. सख्ख्या भावाच्या पण नाही.

दाजी, मारायचं असेल तर या. मी घरीच आहे, या वेळी कुठे पळालेलो नाही.

जा अक्का.
आता कोणी टोचणार नाही.