बदकांना कडी भरणारी जैनबबी

औंढ्याच्या बाजारात जैनबबी मणियारीण बसली की बायका मनगटं पुढं करून उभ्या राहायच्या. हात कितीही जाडाभरडा असो, ती गप्पा मारत, दाबत-चोळत बांगडी अशी चढवी की साधा ओरखडा नाही. आणि बांगडी अंगाबरोबर बसलीच पाहिजे. ढिली भरणं म्हणजे तिच्या लेखी धंद्याला बट्टा.

१९३७च्या हिवाळ्यात ढोरांचे डाक्टर माणिकराव तिच्या दारी आले. या गृहस्थांना पाखरांचा भारी नाद. हिवाळ्यात तळ्यावर उतरणारी बदकं ते जाळेवाल्या पेमाकडून जिवंत धरवायचे, पायात आकडे कोरलेलं हलकं कडं घालून सोडून द्यायचे. पुढं कुठं सापडली तर कळावं, ती जातात कुठं आन् जगतात किती. पण बैल आवळणाऱ्या हातांना बदकाचा पाय कसा झेपावा? एकाचा मोडता मोडता वाचला होता.

"त्यात काय तकलीफ, डाक्टरसाब? मी भरते," जैनबबी म्हणाली.

तळ्याकाठी तिनं तीन कडी भरली, तिन्ही अंगाबरोबर. चौथ्याला वहीत आकडे लिहिणाऱ्या माणिकरावांनी मान वर केली.

"जैनबबी, इतकं घट्ट न्हाई. कडं फिरलं पायजे. न्हाईतर पाय सुजून पाखरू मरतंय."

तोवर पहिली तीन उडून गेली होती. पुढची चाळीस तिनं सैल भरली, पण ती तीन तिच्या जिवाला लागली. आपल्या हुशारीनं मुक्या जिवांचा घात केला, हे तिला खाऊ लागलं. उन्हाळाभर बायका विचारायच्या, "भाभी, काहून बांगडी ढिली भरून राहिल्या?"

पुढच्या हिवाळ्यात पेमानं टोपलीतून एक बदक आणलं. माणिकरावांनी आकडा वहीशी ताडला आणि म्हातारपणी नाचायचेच बाकी राहिले. "दोन नंबरचं हाय! हिमालयापल्याडून आपल्याच तळ्यावर आलं!"

जैनबबीला हिमालय दिसत नव्हता. तिला सुजलेला, सोललेला पाय दिसत होता.

"ते मागून लिवा. आदी पक्कड द्या."

पायाला धक्का न लावता तिनं कडं हळूहळू फाकवलं. कडं निघालं. जखमेवर तिनं तेलात कालवलेली हळद लावली, दुसऱ्या पायात नवं सैल कडं घातलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि बदक पाण्यात सोडलं. ते पाय मारत लांब गेलं.

बाकी दोन बदकांचं काय झालं, कधीच कळलं नाही. बांगड्या भरल्यावर बाईनं मणियारणीला नमस्कार करायचा, अशी रीत. त्या सकाळी मणियारणीनंच बदकाला सलाम केला.

"मेहेरबानी, बाई," ती म्हणाली. "परत आलीस म्हणून माझ्या हातानं काढता आलं."