वेगळी दिसलेली तीन पानं

मी मिरजोळ्याच्या एका काजू कारखान्यात निवडायला बसते. समोर ताटात काजूगर येतात. अख्खे एकीकडे, पाकळ्या एकीकडे, आणि डागाचा किंवा वेगळ्या रंगाचा दिसला की बाजूच्या डब्यात. विचार करत बसलं तर हात मागे पडतो, म्हणून हातालाच सगळं ठरवू द्यायचं. बारा वर्षं मी हेच करते.

माझी मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही अंगणात कोकमाची सोलं वाळवतो. ती वरून सुकलेली दिसतात, आत ओल राहते, मग बुरशी येते. म्हणून तिने प्रोजेक्टला दमटपणा मोजून पंखा चालू करणारं यंत्र घेतलं. तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी, तिला तारांनी जोडलेला, दमटपणा मोजणारा जाळीचा पांढरा तुकडा, आणि एक छोटा पंखा. त्या पट्टीला काय करायचं ते सी नावाच्या भाषेत लिहून द्यावं लागतं, असं ती म्हणाली.

त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, सगळं स्वतः लिहीत बसू नका. त्या जाळीच्या तुकड्याशी बोलायचं कसं, हे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. ती शोधा, पारखा आणि वापरा. मला वाटलं, तयार वस्तू आणायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. ते पंधरा दिवस चाललं.

मी फणसाच्या आठळ्या सोलत शेजारी बसायची आणि ती मला सांगत राहायची. मला त्यातलं थोडं कळायचं. एक सापडली ती दुसऱ्याच जातीच्या पट्टीसाठी होती. एक एवढी मोठी की तिच्या पट्टीत मावेना. एक चांगली वाटली, पण लिहिणाऱ्याने कित्येक वर्षं तिला हात लावला नव्हता. खाली लोकांनी विचारलेले प्रश्न तसेच पडून होते. एक अगदी हवी तशी होती, पण ती इतरांनी वापरावी की नाही हे मालकाने कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिने ती सोडली. मी म्हटलं, कोण बघायला येतंय? ती पुढची शोधायला लागली. मला लाज वाटली.

शेवटी एक मिळाली. लहानशी, दोनच फायलींची. तिने पट्टीत घातली, जाळीवर फुंकर मारली आणि पंखा फिरला.

"कोणाची गो ही?" मी विचारलं.

"कोणा परदेशी माणसाची."

"तू घेतलीस ते त्याला माहीत आहे?"

"त्याने सगळ्यांसाठीच ठेवली आहे, आई. एकच अट आहे. त्याचं नाव आणि त्याने लिहिलेली परवानगी सोबत ठेवायची."

"मग ठेव हो नीट," मी म्हटलं.

सगळं छापून झालं तेव्हा तिला तोंडी परीक्षेची तयारी होती. बाइंडिंगचं दुकान माझ्या वाटेवर आहे, म्हणून कागद मी घेतले. दुकानात गर्दी होती. माणूस म्हणाला, "काकी, पानं एकदा नीट बघून द्या, मग बदलता येणार नाही." मला इंग्रजी वाचता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेव्हा आम्हाला इंग्रजी नव्हतं. पण मुलीचं नाव मी ओळखते, तिच्या कॉलेजच्या कागदांवर बघून बघून. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते होतं. मी पानं उलटत गेले. शेवटाकडे तीन पानं आली, त्यांच्यावर तिचं नाव नव्हतं. अक्षरही बारीक, वेगळं. वर दुसरंच काहीतरी लिहिलेलं.

छापताना दुसऱ्या कोणाची पानं मिसळली असणार, असं वाटलं. वाटलं म्हणण्याआधी हाताने ती काढलीही होती. तिला फोन करायला हवा होता. पण मागे चार मुलगे उभे होते, दुकानदार हात पुढे करून होता, आणि अशा ठिकाणी चारचौघांत मोठ्याने बोलायला मला जमत नाही. तीन पानं घडी करून डब्याच्या पिशवीत घातली. आमच्या कारखान्यात बाजूला काढलेलं टाकून देत नाहीत, म्हणून घरी येऊन ती कॅलेंडरच्या मागे ठेवली. ज्याची असतील तो विचारील. मग विसरले.

परीक्षेच्या दिवशी ती दुपारीच घरी आली. चप्पल न काढता पायरीवर बसली. परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी ती लायब्ररी ओळखली होती. ही तुझी नाही, मग ज्याची त्याचं नाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तिने शेवटची पानं उघडली. तिथे काही नव्हतं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं, असा शेरा त्यांनी मारला.

"मी घातली होती गं आई, त्याच्या नावाची आणि परवानगीची तीन पानं," ती म्हणाली.

मी उठले आणि कॅलेंडरच्या मागून पानं काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने घडी उलगडली आणि पानं हाताने सपाट केली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन तिच्याबरोबर कॉलेजात गेले. बसमध्ये एकच वाक्य घोकत होते, सर, पानं मी काढली. तिच्या कॉलेजच्या सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणीही दिलं. मी पाणी प्यायले. वाक्य आलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून मुलगीच म्हणाली, "सर, माझ्याकडूनच राहिली. बाइंडिंगला देताना."

मी मान हलवली. खोट्याला मान हलवली.

सर वाईट नव्हते. त्यांचा तिच्यावर विश्वास होता, तिला लायब्ररी शोधताना त्यांनी पाहिलं होतं. पण बाहेरच्या सरांचा शेरा लिहून गेला होता, तो त्यांना पुसता येत नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा सादर कर, म्हणाले. तिच्याबरोबरच्या मुली कामाला लागल्या. ती घरी राहिली. सोलं वाळली, तिच्याच यंत्रावर. एकालाही बुरशी आली नाही.

गेल्या आठवड्यात तिने सगळं पुन्हा छापून आणलं. या वेळी त्या परदेशी माणसाचं नाव पहिल्या पानावर आहे. कुठलं ते तिने बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, दे, सकाळी जाताना मी दुकानात टाकते.

"राहू दे आई," ती म्हणाली, "मी तिकडूनच जाणार आहे."

दुकान माझ्या वाटेवर आहे. तिच्या वाटेवर नाही. मी डबा भरला आणि कामाला गेले.