अमरदाद महिना

रोज सकाळी चूल पेटायच्या आधी नानासाहेब लाकडी तख्तीला मुलतानी माती फासत आणि औरंगाबादच्या पदमपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर ती उन्हाला टेकवून ठेवत. तख्ती वाळली की हाक येई, "सुगंधे, सबक!" एकुलती एक लेक पळत येऊन धड्याला बसे. उजवीकडून डावीकडे ती उर्दू अक्षरं अशी वळणदार काढी की नानासाहेबांचा हात आपोआप मिशीवर जाई.

ते स्वतः निजामाच्या राज्यातले उर्दू मिडल पास. शहराबाहेरची जमीन बटाईनं दिलेली, म्हणून हाताशी सवड भरपूर. रझाकारांच्या धामधुमीत पोरीला उंबऱ्याबाहेर काढायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी तिला घरीच शिकवायला घेतलं. पुढं पोलीस अॅक्शन झाली, शाळा मराठी झाल्या, शेजारच्या काकासाहेबांची लेक पुतळा दप्तर घेऊन जाऊ लागली. ओट्यावरचा सबक मात्र तसाच चालू राहिला.

"आता तुमचं उर्दू कोण इचारतंय?" त्यांची बायको आवडाबाई भाकरी उलटत म्हणे. "पोरीला शाळंत घाला की."

"त्या मास्तरलाच पाठव इथं. शिकवतो त्यालाबी."

"व्हय, अन् त्याची तख्ती मी सारवते!"

ते हसण्यावारी नेत. खरं तर लेकीसमोर बसलं की आपलं जग अजून जागेवर आहे असं त्यांना वाटे. निजामाच्या सरकारी फसली सालाचे आजूर, दै, बहमन हे महिने, हाली रुपयाचा हिशेब, असं जे जे कचेरीतून उठून गेलं होतं, ते त्यांच्या ओट्यावर अजून नांदत होतं.

सुगंधा दहा वर्षांची झाली तेव्हा आवडाबाईनं अबोला धरला. त्या जूनमध्ये नानासाहेब मुकाट्यानं लेकीला शाळेत घेऊन गेले. मास्तर भला माणूस. त्यानं सोपंच विचारलं, "बाळ, सध्या महिना कोणता चालू आहे?"

आईच्या तोंडचा ज्येष्ठ सुगंधाला माहीत होता. पण मास्तर म्हणजे सरकारी माणूस, त्याला नानांनी शिकवलेला सरकारी फसली महिनाच सांगायला हवा. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "अमरदाद."

अख्खा वर्ग खिदळला. मास्तरनं पोरांना दटावलं; पण हिला मराठी अक्षरं येत नाहीत म्हटल्यावर त्याला तिला पहिलीत, तिच्या कमरेएवढ्या पोरांत बसवावं लागलं. मधल्या सुट्टीत सगळीकडून हाका सुरू झाल्या, "ए अमरदाद, इकडं ये!"

संध्याकाळी ती हुंदके देत घरी आली. "मी नाय जाणार, नाना. तुम्हीच शिकवा."

"दोन दिस रडंल, मग रुळंल," आवडाबाई म्हणाली.

"नको जाऊ," नानासाहेब लेकीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तख्ती पुन्हा ओट्यावर आली. पण सुगंधाचं मन त्यात राहिलं नव्हतं. सबक हळूहळू सुटला, पंधराव्या वर्षी लग्न झालं. पुतळा शिक्षिका झाली. सुगंधा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जेमतेम मराठी शिकली.

आवडाबाई गेल्यावर नानासाहेब औरंगाबादेतच लेकीच्या घरी राहायला आले. नात आशा गणवेश घालून शाळेत निघाली की ते दारापर्यंत जात आणि ती वळणाआड होईतो उभे राहत. एकदा तसेच मागं फिरले आणि सुगंधाजवळ बसले. ती गवार मोडत होती.

"दुसऱ्या दिवशी तुला हाताला धरून न्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

कोणता दिवस, हे तिला विचारावं लागलं नाही. "लई रडले असते मी."

"रडू द्यायला पाहिजे होतं."

तिनं आणखी दोन शेंगा मोडल्या. मग मान वर न करता, आवाजात जराही धार न आणता म्हणाली, "नाना, मी रडत आले तवा तुम्हाला बरं वाटलं होतं. तुमच्या तोंडावर दिसलं मला."

'नाय' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढून तेही मोडू लागले.

त्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी सुगंधा आशाची वेणी अर्धी सोडून चहाचा कप घेऊन खाटेजवळ आली. नानासाहेबांनी हातानंच तिला थांबवलं.

"माझं राहू दे," ते म्हणाले. "आधी तिची वेणी घाल. शाळंला उशीर व्हईल."