सुनीताच्या बाळंतपणातले आरोपी

"पोरगी मनानं आजारी हाय," मी सांगितलं, कोणाचा इस्वास नाही बसला. बसंन कसा? चवथी शिकलेली, बाळंतिणीले न्हाऊ घालणारी चंद्राबाई मी! पण न्हाणीत बसून जे आयकू येते ते माजघरात येत नाही. घरात कापूस साचते तसे किस्से साचले माह्याकडं. हे एकाच घरातले.

*

सुनीताची आई पाय मोडून पडलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. आठव्या दिवशी मी पाणी टाकून राह्यली, तर पोरगी म्हणे, "मावशी, हे लेकरू कोणाचं हाय?"

सासूले सांगितलं. सासू म्हणे, "काल वांगं खाल्लं तिनं!"

वांगं बंद.

*

मंचेरियलवरून ननंद आली. तिनं वर पाहिलं. "फॅनची हवा डोक्यात गेली!"

फॅन उतरवला. भर उन्हाळा, वर टिनाचं छप्पर, बाजेखाली शेगडी, कानाले फडकं. घामानं थबथबली पोरगी.

"पाहा, हवा निघून राह्यली!"

*

नवरा डिग्रीवाला. तो वांग्याले हसला. म्हणे, "मावशी, हे मोबाईलमुळं होते."

मोबाईल काढून घेतला. त्यावरच ती आईशी बोलत होती. आता तेही बंद. घर कसं शांत!

*

मग देवऋषी. कोंबडी घेऊन त्यानं घरामागची चिंच दाखवली, बाधा तिथलीच म्हणे. चिंच तोडली. सुनीता ढसाढसा रडली.

"बाधा रडून राह्यली!" सगळे खुश.

*

एका सकाळी न्हाणीत विचारते, "मावशी, विहिरीले पाणी किती असंन?"

मी तांब्या तिथंच टाकला. लेकरू काखेत, सुनीता ऑटोत! सासू मागून ओरडली, "सव्वा महिन्याआधी उंबरठा ओलांडते काय?"

डॉक्टरीण हिंदीत म्हणे, "बीमारी है, इलाज है. सोने दो. माँ से बात करने दो."

गोळ्या चालू झाल्या. आई काठी टेकत आली अन् तिच्यापाशी राह्यली. दोनेक महिन्यांनी सुनीता लेकराले न्याहाळून म्हणे, "मावशी, नाक माह्यावर गेलं हिचं!"

न्हाणीतल्या धुरानं माहे डोळे भरले. धुरानंच!

*

बारसं उशिरा झालं. वर फॅन फिरून राह्यला, खाली सुनीता स्वतः पाळणा म्हणून राह्यली. सासू माही ओटी भरत होती. शेजारीण विचारते, "काय झालं होतं वो सुनेले?"

"काई नाही. चांगली होती. सव्वा महिन्याआधी बाहेर काढली, तिथंच बाधा लागली!"

"कोणं काढली?"

सासूनं माह्या ओटीत नारळ टाकला.

"चंद्राबाईनं!"