दोराची पहिली गाठ

लिंबायतच्या सोसायटीत दोन दिवस एकच बातमी फिरत होती: सुंदराकाकीनं कॉलेजात जाऊन एका प्रोफेसरीणबाईच्या कानाखाली जाळ काढला. नळावर निघालेली ही बातमी पिठाच्या चक्कीपाशी पोचेपर्यंत एका थोबाडीच्या तीन झाल्या आणि बाईंचा चष्माही फुटला. खरं एवढंच, की काकीनं हात उचलला तो स्वतःच्या खांद्यावरची शाल काढायला. सत्काराची ती शाल तिनं घडी घालून टेबलावर ठेवली, वर नारळ ठेवला आणि रिक्षात बसून घरी आली. चष्मा शाबूत आहे. पण मिळालेली शाल परत करणारी बाई सोसायटीनं कधी पाहिलीच नव्हती. पदरचं काही जोडल्याशिवाय गोष्ट गळी उतरेना.

सुंदरा बोरसे, वय पासष्टच्या आसपास, घरी बसून साड्यांवर खडे चिकटवणारी. खान्देशातून लग्न होऊन या खोलीत आली ती इथलीच झाली. नवरा हिलाल संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. बोलायला गोड, भांडायला पक्की, आणि वाटीभर साखर उसनी मागायला गेलं तर आधी चार टोमणे देणार, मग दोन वाट्या.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून ही प्रोफेसरीणबाई, हर्षदा, आली. हातात रेकॉर्डर, खांद्याला झोळी, आणि प्रश्न एकच: फार वर्षांमागं खाडी फुगली तेव्हा बाहेरची मदत पोचायच्या आधी या गल्लीतली बेचाळीस घरं वाचली कशी? पहिल्या दिवशी तिनं संमतीचा कागद पुढं केला, शेजारी शाईचा पॅडही ठेवला. काकीनं पॅड बोटानं लांब सारला, पेन घेतलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून तीन शब्दांची पुरी सही केली. इतका वेळ लागला की बघत उभ्या राहिलेल्या शेजारच्या उज्ज्वलाचं दूध उतू गेलं. उज्ज्वला अजून त्याचं बोलून दाखवते. ही सही हिलालनं शिकवली होती, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, ओट्यावर खडूनं गिरवून घेऊन.

आता घरं वाचली कशी, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी कमरेला लागलं तेव्हा हिलाल पोहत शेठच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, गेला, नायलॉनच्या दोऱ्याचे कोन, ती मोठाली रिळं, पोत्यात भरून आणले, ओट्यावर बायकांना बसवून वेणी घालतात तसा दोर वळून घेतला. एक टोक त्यानं विजेच्या खांबाला बांधलं, दुसरं खात्याच्या जिन्याला. त्या दोराला धरून गल्ली वरच्या मजल्यावर चढली. पाणी ओसरल्यावर शेठनं कोन मोजले आणि हिलालला कामावरून काढलं. पुढं तो हातगाडी ओढायचा. त्यानं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही.

पण हर्षदानं विचारलं, ‘कोणी केलं हे, मावशी?’ तेव्हा काकीची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही सवय चाळीस वर्षांची. पोर असतं तर ‘अमक्याचा बाप’ म्हणून वाट निघाली असती. तीही नव्हती. शिवाय पाहुणीसमोर आपल्याच माणसाचं कौतुक आपणच करायचं म्हणजे काय! काकी हसली आणि म्हणाली, ‘सगळ्यांनीच केलं गं.’

हर्षदा आणखी सहा बायकांकडं गेली. पुरुष दिवसा संच्यावर असायचे. सहाही जणींनी रेकॉर्डरपुढं एकच सांगितलं, ‘ते सुंदराकाकीलाच विचारा. तिचं आहे ते, तीच सांगेल.’ कुणाच्या डब्यात कोणती भाजी होती हे जिथं दुपारपर्यंत पसरतं, ती गल्ली जन्मात एकदाच मान राखून गप्प बसली. आणि तेही नको तिथं.

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. उज्ज्वलानं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. ‘रहिवाशांनी उपलब्ध साहित्यातून दोर तयार केला.’

‘उपलब्ध साहित्य म्हणजे काय गं?’ काकीनं विचारलं.

‘काकांनी आणलेले कोन.’

‘आणि रहिवासी?’

‘म्हणजे आपण सगळे.’

‘तू तर तेव्हा माहेरी होतीस, धुळ्याला!’

उज्ज्वला हसली. काकीही हसली. मग पुढची ओळ आली: ‘या घटनेला कोणी नेता नव्हता.’ काकीचं हसू तिथंच थांबलं. पुस्तकात बायकांची नुसती पहिली नावं होती. माणसाला त्रास नको म्हणून अर्धंच नाव छापायची रीत असते, असं हर्षदानं आधीच सांगितलं होतं. हिलालचं तर अर्धंही नव्हतं. त्याच्यामागं त्याचं नाव चालवणारं कोणी नव्हतं. होती ती एकटी काकी, आणि तिनंच ते गिळलं होतं. त्या दुपारी एका साडीवरचे खडे वाकडे लागले, ते उपसून पुन्हा लावावे लागले.

पुस्तकावर कॉलेजात चर्चा ठेवली, काकीला बोलावणं आलं. या वेळी सांगायचंच, असं तिनं ठरवलं. रिक्षात ओठातल्या ओठात ती नाव घोळवत होती. ‘जप करतेस का?’ उज्ज्वलानं विचारलं. काकीनं तिला चिमटा काढला.

व्यासपीठावर योगराज सर म्हणून बाहेरगावचे एक इतिहासवाले होते. त्यांना पुस्तक पटलं नव्हतं. ‘समूह, समूह म्हणता,’ ते म्हणाले, ‘पण दोराची पहिली गाठ समूह मारत नाही. एक माणूस मारतो. त्याला पुस्तकातून घालवलं की इतिहास सोपा होतो, खरा होत नाही.’

‘सर, थोर पुरुष शोधल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही,’ हर्षदा म्हणाली. ‘गरीब माणसं आपण होऊन काही करू शकतात हे मानायला एवढं जड का जावं? मी माझ्या मनाचं लिहिलेलं नाही. ते जगलेल्या बायकांनी सांगितलंय.’

टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या बाजूनंही पडल्या. दोघंही इतकं छान भांडत होती की काकीला वाटलं, दोघंही बरोबर आहेत, फक्त एकच माणूस कमी आहे. तेवढ्यात हर्षदानं माईक तिच्यापुढं धरला. ‘सुंदराबाई इथंच आहेत. त्यांनाच विचारू. सगळ्यांनीच केलं ना, मावशी?’

काकीनं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. पण समोर हर्षदाचा चेहरा होता. दोन वर्षं चुलीपाशी बसून कळण्याची भाकरी खाल्लेली पोर, कपाळावर घाम, डोळ्यांत धाकधूक. भरल्या सभेत हिला खोटं पाडायचं? काकी म्हणाली, ‘हां.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. योगराज सरांनी मान डोलावून हार मानली. लगेच शाल आली, खांद्यावर पडली. ती अंगावर पडताच काकीला वाटलं, आपण आपल्या माणसाला दुसऱ्यांदा बुडवलं. पुढचं सोसायटीला माहीत आहे, चष्म्यासकट.

तिसऱ्या दिवशी हर्षदा शाल घेऊन दारात उभी राहिली. ‘माझं काही चुकलं का, मावशी?’ काकी खडे चिकटवत राहिली. शेवटी उज्ज्वलाला राहवेना. ओट्यावरूनच तिनं सगळं ओकून टाकलं: हिलालकाका, कोन, जिना, शेठ, हातगाडी. हर्षदा उंबऱ्यावरच बसली.

‘मावशी, दोन वर्षं मी तुम्हाला विचारत होते,’ ती म्हणाली. ‘एकदा, एकदा तरी नाव द्यायचं होतं मला.’

काकीनं हातातला खडा साडीवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

‘दिलं होतं गं. पहिल्याच दिवशी, तुझ्याच कागदावर, तुझ्याच पेनानं. माझ्या नावाच्या शेजारीच होते ते. तू मला उचललंस, अन् त्यांना तिथंच सोडलंस.’