न फुटणारा नारळ

आमचे करटीकाका दुकानात नारळ घेताना तो कानाशी धरून टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. मागची माणसं वैतागायची, काका मात्र समाधी लावून उभे. करटी म्हणजे नारळाची कवटी, आणि तिच्या जाडीवरच त्यांची सारी कीर्ती होती. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवतात. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल त्यानं तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. काकांचा नारळ फुटलेला कुणी पाहिला नव्हता.

खवळलेल्या दर्यात होडी घालणारा हा माणूस घाबरायचा ते फक्त स्वतःच्या लेकीला. दीपा माझ्याच वर्गात, घरही शेजारी. तिच्या तोंडून एक ‘बरा’ निघावा म्हणून काका जिवाचं रान करायचे. एकदा जवळजवळ तिच्याएवढा इसवण, म्हणजे सुरमई, खांद्यावर टाकून पुढच्या दारानं आले. तिनं पुस्तकातून मान वर केली आणि विचारलं, “बांगडे मेळाक नाय?” काकांनी इसवण मुकाट्यानं मागच्या दारी नेला. मग कुंपणाशी येऊन मला हळूच म्हणाले, “गो, चेडू माझ्याबद्दल काय बोलला?” चेडू म्हणजे त्यांची लेक. हे नेहमीचंच. मी काय सांगणार, कपाळ!

आम्ही सातवीत असताना त्यांनी तिला पौर्णिमेला हट्टानं बंदरावर नेलं. टोपलीभर नारळ जिंकले आणि आपला अभंग नारळ तिच्यासमोर धरला. दीपा म्हणाली, “फुटलेलो नारळ कालवणात तरी पडता. तुमचो हो काय कामाचो?”

काकांनी वर्षभर त्यावर डोकं खपवलं. पुढच्या पौर्णिमेला एक पातळ कवटीचा नारळ शोधून काढला आणि पहिल्याच टोल्याला फोडून घेतला. सगळं बंदर हळहळलं. दीपा लालबुंद झाली. “बाबानू, तुमी मुद्दाम हरलास!” म्हणाली आणि रडत घरी गेली. काका माझ्याकडे बघत राहिले. “ह्येका जिंकलेलो बापूस नको, हरलेलोय नको. मगे मी करू काय?”

पुढे दीपाला ओरोसला नोकरी लागली. एसटी सुटताना काकांनी खिडकीतून त्या वर्षीचा न फुटलेला नारळ आत दिला. “ह्या ओझा कित्याक?” असं पुटपुटत तिनं तो पिशवीत कोंबला. नंतर काका फोनवर नारळाची चौकशी करायचे. उत्तर एकच, “आसात खंय तरी.” असेल कुठंतरी.

काही महिन्यांनी मी तिच्याकडे राहायला गेले. देवांच्या शेजारी तो नारळ होता, रोज पुसल्यासारखा स्वच्छ. चटणीला घेऊ या म्हणून तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तो उचलला, तर दीपानं हिसकावूनच घेतला. “हात लावू नको. हो कोणाक फोडूक जमाक नाय. माझ्या बापाशीचो आसा!”

परतल्यावर मी आधी काकांचं घर गाठलं आणि जसंच्या तसं सांगितलं. काका पार गोंधळले. “पण माका तर म्हणालेला, काय कामाचो म्हणान?” मग म्हणाले, “परत सांग बघू. सावकाश सांग.”

काका आता नाहीत. पण होते तोवर बाजारात, बंदरावर, कुठंही भेटले की मला थांबवायचे, “काय म्हणाला ता?” मी तेच वाक्य पुन्हा सांगायची. आणि काका डोळे मिटून, कान माझ्याकडे करून ऐकायचे.