ऐरावताचा डोळा

आमच्या ह्यांचं नाव मी कधी घेतलं न्हाई, आता या वयात काय घेणार? टेंभुर्णीच्या अवतीभवती सगळे त्यांना चितारीच म्हणायचे. लगीनघर असलं की बोलावणं आलंच. दाराच्या दोन्ही अंगांना भालदार, वर पोपट, बाजूच्या भिंतीवर घोडेस्वार. मोहरमात सवारीचे पंजे बसायचे त्या घराची भिंतसुद्धा हेच रंगवायचे. राज्य निजामाचं, पण रंगाच्या वाट्यांवर राज्य माझं. गेरू मी वाटायची, नीळ मी घोटायची, डिंक मी भिजवायची, आणि वाटीत खडा निघाला की बोलणीबी मीच खायची.

आमच्यात डोळा सगळ्यात शेवटी काढायची रीत. चित्र पुरं झालं तरी डोळ्याची जागा कोरी ठेवायची. मंग चांगला दिवस बघून, उपाशीपोटी, चार माणसांसमोर नारळ फोडून डोळा उघडायचा. ज्या हातानं पहिली रेघ ओढली त्याच हातानं. कुंचला उचलला की श्वास रोखायचा, आणि टेकवला की टेकवला. उघडल्या डोळ्याला परत कुणी हात लावायचा न्हाई, पुसायचं तर नावच काढायचं न्हाई. जिवंत झालं ना ते! पावसापाण्यानं आपोआप गेलं तर गेलं.

ज्या वर्षाचं मी सांगून राह्यले, त्या वर्षी गावानं बाजारातल्या मारुतीच्या देवळाची बाहेरची भिंत नव्यानं गिलावा करून घेतली आणि ह्यांना ऐरावत काढायला सांगितलं. पांढऱ्या भिंतीवर पांढराच हत्ती, गेरूच्या रेघेत. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. माणूस नुसता हरखून गेल्ता. आणि त्याच साली ह्यांच्या डोळ्यांवर पडदा चढायला लागला.

कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथच घातली मला. न दिसणाऱ्या चिताऱ्याला दारात कोण उभं करणार? मी तरी काय करणार, गप बसले. फाल्गुनात ह्यांना जवळून रेघ दिसत होती, तेवढ्यात हत्ती उतरवून घेतला. डोळ्याची जागा ह्यांनीच बोटानं दाखवली आणि मी तिथं खिळ्यानं टोकरून हरभऱ्याएवढा खड्डा केला. पुढं दिसलं न्हाई तरी बोटाला लागेल. झूल, घंटा, अंबारी भरायची तर मी वाट्या ओळीनं मांडून द्यायची आणि हे सवयीनं रंग भरत जायचे. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं मी जवळ जायची आणि हळूच सांगायची, वर सरका, रेघ सुटली. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याच्या फारच मागंपुढं करते. करू दे म्हटलं कुजबुज, माझं काय जातं.

हनुमान जयंतीला डोळा उघडायचं ठरलं. तोवर ह्यांना नुसता उजेड तेवढा कळत होता. पण खड्डा होता ना. मी निर्धास्त होते. हो, खरंच निर्धास्त होते.

सकाळीच बाजार माणसांनी भरला. हे फळीवर चढले. डाव्या हाताचं बोट भिंतीवर, उजव्या हातात काजळीत बुडवलेला कुंचला. मी बायांमध्ये, पार मागं. तेवढ्यात गिलावा करणारे गवंडीचाचा माझ्याजवळ आले. जुना घरोबा आमचा. ईदेला त्यांच्या घरचा शीरखुर्मा आल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंडात घास घालत नसे. मोठ्या मायेनं म्हणाले, "भाभी, हत्तीच्या तोंडावर एक खड्डा पडल्ता. चितारीभाईच्या एवढ्या कामाला माझ्या गिलाव्यापायी बट्टा लागला असता. काल चुना भरून घोटून टाकला. आता बिलकुल आरसा."

त्या भल्या माणसाला काय बोलणार? त्याला ठाऊक न्हाई, कारण आम्हीच ठाऊक होऊ दिलं न्हाई.

नारळ फुटला. हलगी थांबली. ह्यांचं बोट भिंतीवर फिरायला लागलं. कपाळावरून खाली, परत वर. ते काय शोधून राह्यलंय हे त्या गर्दीत मला एकटीला कळत होतं, आणि तिथं नुसता गुळगुळीत चुना. ओरडावं वाटलं, अहो, जरा वर, जरा डावीकडं. पण मधे सगळं गाव उभं. ओरडले असते तर त्याच घडीला ह्यांचं आंधळेपण गावभर झालं असतं. न ओरडावं तर समोर बोट भरकटत चाललेलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राह्यले. जास्त चाचपडलं तर लोक ओळखतील, हे ह्यांनाबी कळत होतं. बोट थांबलं. श्वास रोखला. कुंचला टेकला.

डोळा गालावर आला, पार सुळ्याच्या मुळाशी.

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. एक म्हातारे पुढं झाले, डोळा उघडला म्हणाले, आणि हलगी परत वाजायला लागली. गवंडीचाचा एकदा भिंतीकडं बघत, एकदा माझ्याकडं. त्यांना सगळं उमगलं. ते डोक्याला हात लावून तिथंच मातीत बसले.

हे फळीवरून उतरले, मी पुढं होऊन हाक मारली, त्या आवाजावर माझ्याकडं आले आणि विचारलं, "बराबर बसला ना?"

"बिलकुल बराबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवसापासून बोलावणी बंद. तोंडावर कुणी वाकडा शब्द बोललं न्हाई, उलट रस्त्यात थांबून ह्यांची विचारपूस वाढली. हे मला विचारायचे, यंदा लग्नं न्हाईत का कुणाकडं? मी सांगायची, राज्यात दंगाधोपा चाललाय, जो तो जीव मुठीत धरून बसलाय, भिंती कोण रंगवून राह्यलंय? ते खरंबी होतं. मंग निजामाचं राज्य गेलं, गावात वाजतगाजत वराती निघायला लागल्या, आणि माझा बहाणा संपला. वरात दारावरून गेली की हे ओट्यावर बसून ऐकायचे. मला मात्र परत विचारलं न्हाई.

दर शनिवारी मी ह्यांना मारुतीला घेऊन जायची. हे ऐरावतासमोर थांबायचे. भिंतीला हात लावायचे न्हाईत, रीत होती ना. तेल घेऊन येणारी माणसं बोलत बोलत यायची, आम्हाला तिथं बघायची आणि तोंड मिटायची. अशाच एका शनिवारी ह्यांनी विचारलं, "कुठं बघून राह्यलाय गं तो?"

"समोर. बाजाराकडं."

ह्यांनी पाठीमागं कान दिला. "मंग लोक इथं आले की गप का होतात?"

तेलाची वाटी हातात तशीच. शेवटी ह्यांनीच माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल, तेल घालू."